रोम ५:३-५ : बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षं



आजच्या वाचनात पौल एक क्रम देतो. आधी संकट, मग धीर, मग शील, आणि आशा सगळ्यात शेवटी. हे वाचताना मला पंडिता रमाबाई आठवतात. शाळेच्या पुस्तकातल्या समाजसुधारक रमाबाई आपल्याला माहीत असतात, पण त्यांच्या विश्वासाची गोष्ट तिथे फारशी नसते.

जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणं सांगत कुटुंबासह तीर्थोतीर्थी फिरायचे. मग दुष्काळ आला. रमाबाई सोळा वर्षांच्या असताना वडील, आई आणि मोठी बहीण पाठोपाठ गेले. उरले त्या आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी देशभर फिरले. रानातली बोरं बियांसकट गिळायची. झेलम नदीच्या काठी थंडी इतकी की वाळूत थडग्यासारखे खड्डे खणून, डोकं तेवढं बाहेर ठेवून झोपायचं. हे वाचल्यावर मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधवी यांच्याशी लग्न झालं आणि १८८२ मध्ये कॉलऱ्याने तेही गेले. पदरी लहानगी मनोरमा. पुढच्या वर्षी रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आपल्या साक्षी बहुतेक इथेच संपतात. (आम्हा आयटीवाल्यांना माहीत असतं, रिलीजनंतरच खरे बग दिसायला लागतात.) रमाबाईंना तत्त्वं पटली होती, पण मनावरचं ओझं उतरलं नव्हतं. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडला नव्हता, असं त्यांनीच नंतर प्रांजळपणे लिहिलं. त्यात इंग्लंडमधल्या सिस्टर त्यांना हट्टी समजायच्या आणि इथले लोक धर्म बुडवणारी. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं तेव्हाही आत हीच तगमग होती. १८९१ च्या सुमारास कुठे त्यांनी आपला सगळा भार ख्रिस्तावर टाकला. म्हणजे आठ वर्षं! मला हे फार धीराचं वाटतं. चर्चला नियमित जाऊनही आत कोरडं वाटणारे आपण काही पहिलेच नाही.

त्यानंतर सगळं सोपं झालं का? छे. १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादावरून पालकांनी मुली काढून नेल्या आणि रानडे, भांडारकर यांच्यासारख्यांनी अंग काढून घेतलं. काम मात्र थांबलं नाही. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या. हाडांचे सापळे झालेल्या मुलींमध्ये त्यांना स्वतःचे जुने दिवस दिसले. अशा शेकडो मुली आणि विधवा केडगावच्या मुक्तीत आल्या. पौलाचं शील मला तिथे दिसतं.

शेवटची वर्षं त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली, तेही मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून. ऐकू जवळजवळ येत नव्हतं. २४ जुलै १९२१ ला मनोरमाही गेली. काम चालूच राहिलं. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर आलं. तिथे खिळे जुळवायचं काम मुक्तीतल्या बायकाच करत होत्या.