ग्रहांवरील प्रजेचा विचार करणारा ज्योतिषी : क्रिस्तियान हायगेन्स

गेल्या वर्षीं शनीच्या कड्याचा धडा चालू असतां आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें उभें राहून विचारलें कीं, तेथें कोणी राहत असल्यास तीं माणसें आपणांपेक्षां शहाणीं असतील काय? वर्ग हंसला. आम्हीही हंसलों, हें कबूल केलें पाहिजे. परंतु घरीं जातांना आमच्या ध्यानांत आलें कीं, शनीचें कडें हें कडेंच आहे असें ज्या पुरुषानें प्रथम ओळखलें, त्यालाही हाच प्रश्न पडला होता, आणि मृत्यूपूर्वीं त्यानें ह्या प्रश्नावर एक अख्खा ग्रंथ लिहून ठेविला. म्हणून त्याचें चरित्र आम्ही येथें सांगत आहों. त्या विद्यार्थ्यास द्यावयाचें उत्तर, जेवढें आम्हांस देतां येतें तेवढें, त्यांतच येईल.

क्रिस्तियान हायगेन्स ह्याचा जन्म इ. स. १६२९ च्या एप्रिल महिन्याच्या १४ व्या तारखेस हॉलंडांतील हेग नगरीं झाला. त्याचे वडील कॉन्स्टंटाइन हे नामांकित कवि, संगीताचे जाणकार व ऑरेंजच्या राजघराण्याचे चिटणीस होते. देकार्तसारखा तत्त्ववेत्ता त्यांच्या घरीं येत असे. क्रिस्तियान आठ वर्षांचा असतांच त्याची आई वारली. वडिलांनीं मुलांचें शिक्षण स्वतःच्या देखरेखीखालीं घरींच करविलें आणि पुढें १६४५ सालीं त्यास लायडेनच्या विद्यापीठांत कायदा शिकण्यास पाठविलें. मुलानें मुत्सद्दी व्हावें अशी त्यांची इच्छा होती. मुलाचें चित्त मात्र गणितांत होतें. वडिलांचेंच नांव धारण करणारा थोरला भाऊ कॉन्स्टंटाइन हा त्याचा जिवलग सोबती. हा भाऊ वाचकांनीं लक्षांत ठेवावा, कारण कथेच्या शेवटीं त्याची पुन्हां गांठ पडावयाची आहे.

दोघे बंधु स्वतःच्या हातांनीं भिंगें घांसूं लागले. हें काम कंटाळवाणें व नाजूक. एक वांकडा घांस गेला कीं सारी मेहनत फुकट. पूर्वीं १६१० सालीं गॅलिलिओनें शनीकडे दुर्बीण लाविली, तेव्हां त्या ग्रहाच्या दोहों बाजूंस दोन गोळे चिकटल्यासारखे त्यास दिसले होते, आणि दोन वर्षांनीं पाहतो तों ते नाहींसे! हें कोडें चाळीस वर्षें कोणास उलगडलें नव्हतें. १६५५ सालच्या मार्च महिन्याच्या २५ व्या तारखेस हायगेन्सनें सुमारें बारा फूट लांबीच्या आपल्या दुर्बिणींतून शनीजवळ प्रकाशाचा एक लहानसा ठिपका पाहिला. तो सुमारें सोळा दिवसांत शनीभोंवतीं एक फेरा करतो, म्हणजे तो शनीचा चंद्र होय, असें त्यानें ठरविलें. पुढें १६५९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत त्यानें गॅलिलिओचें कोडेंही सोडविलें: शनीभोंवतीं एक पातळ, सपाट कडें असून तें ग्रहास कोठेंही शिवत नाहीं, आणि त्याची कड आपल्याकडे वळली म्हणजे तें दिसेनासें होतें. त्याच वर्षीं मंगळावरील एक काळा डाग पाहून तेथील दिवस आपल्या दिवसाएवढाच, म्हणजे सुमारें चोवीस तासांचा असावा, असें अनुमान त्यानें काढलें. तें बरोबर ठरलें आहे.

लंबकाचें घड्याळ ही त्याची दुसरी देणगी. १६५६ च्या अखेरीस त्यानें तें सिद्ध केलें. त्यापूर्वींचीं उत्तम घड्याळें दिवसाकांठीं सुमारें पाव तास मागेंपुढें होत; ही चूक आतां कांहीं सेकंदांवर आली. पुढच्याच वर्षीं फांशांच्या खेळांतील संभवासंभवाचें गणित सांगणारी त्याची छोटी पुस्तिका प्रसिद्ध झाली. जुगारापासून आमच्या विद्यार्थ्यांनीं दूरच राहावें. तथापि खात्री नसलेल्या गोष्टीविषयीं किती बोलावें व कोठें थांबावें, ह्याचें माप ह्या गणितानें त्यास दिलें.

१६६६ सालीं फ्रान्सच्या राजाचा मंत्री कोल्बेर ह्यानें त्यास नव्या विज्ञानपरिषदेसाठीं पॅरिसला बोलाविलें. तेथें तो सुमारें पंधरा वर्षें राहिला. १६७२ सालीं त्याच फ्रेंच राजानें हॉलंडवर स्वारी केली. पण हायगेन्स पॅरिसमध्येंच राहिला व १६७३ सालीं घड्याळावरील आपला मोठा ग्रंथ त्या राजासच त्यानें अर्पण केला. हें आम्हांस रुचत नाहीं. परंतु आपल्यापैकीं किती जणांनीं अशा प्रसंगीं चालतें काम व पगार सोडला असता, हें आम्ही सांगूं शकत नाहीं. प्रकाश हा लहरींच्या रूपानें पसरतो ही त्याची प्रसिद्ध उपपत्ति पॅरिसमधलीच. तेथें तो वारंवार आजारी पडे. १६८१ सालीं तो जो घरीं आला तो परत गेलाच नाहीं. कोल्बेर १६८३ सालीं वारला, आणि १६८५ सालीं फ्रान्सांत प्रॉटेस्टंट पंथाच्या लोकांस दिलेलें संरक्षण राजानें काढून घेतलें.

उरलेलीं वर्षें एकान्ताचीं होतीं. त्यानें लग्न केलें नव्हतें. वडील १६८७ सालीं वारले. भाऊ कॉन्स्टंटाइन इंग्लंडचा राजा झालेल्या विल्यमचा चिटणीस असल्यामुळें बहुधा दूरदेशीं असे. १६८९ सालीं इंग्लंडांत जाऊन हायगेन्स न्यूटनला भेटला, एवढाच काय तो मोठा प्रवास. हेगजवळ वडिलांनीं बांधलेल्या बागेंतील घरांत व हेगमध्यें बसून त्यानें आपला शेवटचा ग्रंथ लॅटिन भाषेंत लिहिला. त्याचें नांव ‘कॉस्मोथिओरॉस’, म्हणजे विश्वाकडे पाहणारा. तो ह्याच भावास उद्देशून आहे. लहानपणीं ज्याच्यासह रात्री आकाशाकडे पाहिलें, त्याच्याशीं चाललेलें तें जणूं संभाषणच होय.

ग्रंथांतील विचारसरणी अशी. कोपर्निकसचें मत खरें असेल, तर पृथ्वी हा इतर ग्रहांसारखाच एक ग्रह ठरतो. एका कुत्र्याचें शरीर चिरून आंत हृदय, जठर व आंतडीं दिसलीं, तर बैलाच्या पोटांतही तशींच असावींत असें आपण न चिरतांच म्हणतों. त्याच न्यायानें, एका ग्रहावर झाडें, प्राणी व विचार करणारे जीव आहेत, तर इतरांवर ते का नसावेत? गुरु पृथ्वीहून कितीतरी मोठा, त्याचे चार चंद्र तेव्हां ठाऊक होते. एवढा थाट ओसाड रानासाठीं मांडला असेल हें त्यास पटेना. पाणी सर्वत्र असावें. पण शनीवर तें गोठून जाऊं नये व बुधावर त्याची वाफ होऊं नये, म्हणून त्या त्या ग्रहावर तें निराळ्या प्रकृतीचें असावें. चंद्राविषयीं मात्र त्यानें नकार दिला. चंद्राच्या कडेस तारा हळूहळू मंद न होतां एकदम झांकला जातो, म्हणजे तेथें हवा नाहीं. समुद्र म्हणून दाखविल्या जाणाऱ्या जागांत खळगे दिसतात, म्हणजे पाणीही नाहीं. जेथें पुरावा विरुद्ध दिसला तेथें आवडती कल्पना त्यानें सोडून दिली. हा गुण आम्हांस त्याच्या सर्व शोधांहून मोलाचा वाटतो.

आतां आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न. ते लोक आपल्याहून श्रेष्ठ कीं कनिष्ठ? हायगेन्सचें म्हणणें असें कीं, त्यांचें रूप आपल्याहून अगदीं निराळें असूं शकेल. विचारी आत्म्यानें मनुष्याच्याच आकारांत राहिलें पाहिजे, हा केवळ आपल्या संवयीचा हट्ट आहे. परंतु बुद्धि मात्र एकच. येथें जें भूमितींत खरें तें गुरूवरही खरें. येथें जे स्वर एकमेकांशीं जुळतात ते तेथेंही जुळावेत. म्हणून तो त्यांना देव करीत नाहीं आणि पशूही करीत नाहीं. आपल्यासारखे दोष, भांडणें व युद्धें त्यांच्यांतही असतील, हें सांगण्यास तो कचरत नाहीं.

येथेंच त्याचा तोल थोडा जातो. तेथें ज्योतिषी असतील, म्हणून यंत्रें असतील. यंत्रें हाताळावयाचीं म्हणून हात असतील आणि शरीरें फार चिमुकलीं नसतील. समुद्र आहे म्हणून जहाजें, जहाजें आहेत म्हणून शिडें आणि दोर! वाचतां वाचतां गुरूवरील तो मनुष्य हेगच्या बंदरावर उभा असलेला डच गृहस्थच दिसूं लागतो. परक्याची कल्पना करावयास बसलें म्हणजे आपण आपलाच आरसा पुढें धरतों. हायगेन्ससारख्या माणसाकडूनही हें घडलें.

ग्रंथानें धर्मास बाध येईल अशी भीति त्या काळीं होती. पवित्र शास्त्रांत ह्या प्रजेचा उल्लेख नाहीं, असा आक्षेप येणार हें जाणून त्यानें उत्तर दिलें आहे कीं, देवानें आपल्या सर्व निर्मितीची यादी तेथें देण्याचें योजिलेलें नाहीं, आणि सृष्टि जितकी विशाल दिसेल तितका कर्त्याचा महिमा अधिकच वाटेल. दुसरी गोष्ट लोकांस अधिक झोंबते. आपल्याखेरीज दुसरेही विचारी जीव असल्यास आपली किंमत कमी होते, असें अनेकांस वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. घरांत दुसरें मूल जन्मल्यानें पहिल्यावरील आईबापांची प्रीति निम्मी होत नाहीं, हें आमच्या पालकवर्गास सांगावयास नको.

ग्रंथाच्या अखेरच्या भागांत तो पुन्हां मोजूं लागतो. एका लांब नळीच्या टोकास सूक्ष्म छिद्र करून व त्यांत कांचेचा बारीक मणी बसवून त्यानें सूर्याचें तेज इतकें कमी केलें कीं, तें रात्रीच्या व्याधाच्या ताऱ्याएवढें वाटावें. त्यावरून व्याध हा सूर्याच्या २७,६६४ पट दूर आहे असें त्यानें काढलें. तोफेच्या गोळ्यास सूर्यापर्यंत जाण्यास पंचवीस वर्षें लागत असतील, तर तेथवर जाण्यास जवळजवळ सात लक्ष वर्षें लागतील. खरें अंतर सुमारें ५,४०,००० पट आहे. व्याध हा सूर्याएवढाच तेजस्वी असें त्यानें धरलें होतें, आणि दिवसाच्या सूर्याची रात्रीच्या ताऱ्याशीं तुलना केवळ आठवणीनें करावयाची होती. तेव्हां चूक होणारच. तरी एवढ्या दूरच्या ताऱ्यांभोंवतीं ग्रह असले तरी आपल्या दुर्बिणींस ते दिसावयाचे नाहींत, हें त्यानें ओळखलें.

१६९५ च्या जुलै महिन्याच्या ८ व्या तारखेस हेग येथें तो वारला. ग्रंथ छापून काढण्याचें काम भावानें हातीं घेतलें. पण १६९७ सालीं तोही मरण पावला. पुस्तक १६९८ सालीं बाहेर पडलें, तेव्हां लिहिणारा नव्हता आणि ज्याच्यासाठीं लिहिलें तोही नव्हता.

त्याच्या मृत्यूनंतर बरोबर तीनशें वर्षांनीं, १९९५ सालीं, सूर्यासारख्या एका दूरच्या ताऱ्याभोंवतीं फिरणारा ग्रह प्रथम सांपडला. आतां असे पांच हजारांहून अधिक ग्रह ठाऊक आहेत. गुरूवर उभें राहण्यास जमीनच नाहीं, आणि शुक्राचा पृष्ठभाग शिसें वितळेल इतका तप्त आहे. पृथ्वीबाहेर कोठेंही जीव असल्याचा पुरावा अद्याप मिळालेला नाहीं.

हायगेन्सनें पाहिलेल्या त्या ठिपक्यास पुढें टायटन हें नांव मिळालें. २००५ सालच्या जानेवारी महिन्याच्या १४ व्या तारखेस हायगेन्सचेंच नांव दिलेलें एक यान हवाई छत्रीच्या आधारें अडीच तास खालीं उतरत जाऊन टायटनवर टेकलें. तेथें शून्याखालीं सुमारें १८० अंश थंडी आहे. उतरतांना यानास प्रवाहांनीं कोरलेल्या घळी दिसल्या, आणि खालीं नदीच्या पात्रांतल्यासारखे वाटोळे झालेले, बर्फाचे गोटे. ते घांसणारा प्रवाह आपल्या पाण्याचा नव्हे, मिथेनचा. त्या थंडींत मिथेन पातळ राहतो, पावसासारखा पडतो व त्याचीं सरोवरें होतात. निराळ्या प्रकृतीचें पाणी तें हेंच. तेथवर घेऊन गेलेलें मोठें यान क्षितिजाखालीं जाईपर्यंत, तासाभराहून अधिक वेळ, तेथील संदेश येत राहिले. त्या गोट्यांचें चित्र आम्हीं प्रयोगशाळेंत दाराच्या उजव्या बाजूस लाविलें आहे. ज्यांना पाहावयाचें असेल त्यांनीं मधल्या सुट्टींत यावें.