कुर्ट श्विटर्स : रद्दीतून घडलेली कला

पॉप आर्टचा अभ्यास आपण बहुधा रिचर्ड हॅमिल्टन किंवा अँडी वॉरहॉल यांच्यापासून सुरू करतो. परंतु बाजारातील छापील कागदाला चित्रात स्थान देण्याचा उद्योग कितीतरी आधी जर्मनीतील हानोफर शहरात कुर्ट श्विटर्स यांनी आरंभिला होता.

श्विटर्स यांचा जन्म २० जून १८८७ रोजी हानोफर येथे झाला. ड्रेस्डेनच्या कला अकादमीत त्यांनी रीतसर शिक्षण घेतले. पहिल्या महायुद्धाच्या काळात एका लोखंडाच्या कारखान्यात त्यांनी आरेखकाचे काम केले. युद्ध संपले, जुनी व्यवस्था मोडून पडली, आणि श्विटर्स यांनी मोडतोडच हाती घेतली. ट्रामची तिकिटे, वेष्टने, वर्तमानपत्रांचे कपटे, तारा, लाकडाच्या ढलप्या चिकटवून व ठोकून ते चित्र रचू लागले.

१९१९ च्या सुमारास अशाच एका चित्रात त्यांनी एका बँकेच्या छापील कागदाचा तुकडा वापरला. व्यापार या अर्थाच्या 'कोमेर्त्स' शब्दातील 'मेर्त्स' एवढाच भाग त्यावर शिल्लक होता. तेच नाव त्यांनी आपल्या साऱ्या निर्मितीला दिले. भाषेच्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबावे. या शब्दाचे लॅटिन मूळ पाहिले, तर कात्रीने उपसर्ग तेवढा छाटला आणि 'विक्रीचा माल' या अर्थाचे मूळ मागे ठेवले, असे दिसते. हा निव्वळ योगायोग असेल. परंतु कलावंताची कात्री व्युत्पत्तीच्या सांध्यावरच चालली, हे खरे.

बाजाराकडे ते तुच्छतेने पाहत होते, असे मात्र समजू नये. १९२४ मध्ये त्यांनी स्वतःचे जाहिरात कार्यालय काढले आणि पेलिकान शाईच्या जाहिराती केल्या. म्हणजे जाहिराती कापणारा आणि घडविणारा हात एकच होता. राहत्या घरातही त्यांनी 'मेर्त्सबाऊ' नावाची एक रचना उभारली; ती वाढत वाढत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत शिरली.

नाझी राजवटीत हे चालणे शक्य नव्हते. जानेवारी १९३७ मध्ये श्विटर्स नॉर्वेला निघून गेले. त्याच वर्षी म्युनिकमध्ये 'अधःपतित कला' म्हणून भरविलेल्या प्रदर्शनात, ज्या चित्रावरून 'मेर्त्स' हे नाव आले, तेच चित्र हेटाळणीसाठी मांडले गेले. पुढे ते नाहीसे झाले. पत्नी हेल्मा हानोफरलाच राहिल्या. १९४३ च्या बाँबहल्ल्यात घर व मेर्त्सबाऊ नष्ट झाले. पुढच्या वर्षी हेल्माही गेल्या. दरम्यान १९४० मध्ये जर्मन सैन्य नॉर्वेत शिरताच श्विटर्स ब्रिटनला पोहोचले, तर तेथे शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून 'आइल ऑफ मॅन' बेटावरील छावणीत वर्षाहून अधिक काळ स्थानबद्ध झाले. छावणीत साहित्य मिळेना, तेव्हा त्यांनी लापशीची शिल्पे केली.

१९४५ पासून ते अँबलसाइड गावी, स्थानिकांची व्यक्तिचित्रे रंगवून गुजराण करीत राहिले. हानोफरची जुनी मैत्रीण केट श्टाइनित्स अमेरिकेत स्थायिक झाली होती. १९४७ मध्ये तिच्या नावाने केलेल्या कोलाजात त्यांनी अमेरिकन चित्रकथांतील आकृती चिकटविल्या. हॅमिल्टन यांचे प्रसिद्ध कोलाज त्यानंतर नऊ वर्षांनी, १९५६ मध्ये आले.

८ जानेवारी १९४८ रोजी केंडल येथे श्विटर्स यांचे निधन झाले. ब्रिटिश नागरिकत्व आदल्याच दिवशी मंजूर झाले होते. एल्टरवॉटर येथील एका कोठारात त्यांनी नव्याने आरंभिलेली भिंत अपुरी राहिली. १९६५ मध्ये ती भिंत न्यूकॅसलच्या हॅटन कलादालनात हलविण्यात आली. या कामात पुढाकार घेणाऱ्यांत रिचर्ड हॅमिल्टन होते.