अहिल्याबाई होळकर : ज्यांच्या रुपयावर त्यांचा चेहरा नव्हता



आपल्या जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे. पण या अहिल्याबाई कोण, हे मुलांना नीट सांगायला हवं ना? आज त्यांचं चरित्र चांदीच्या रुपयावरून पाहू.

प्राचीन रोममध्ये चांदीच्या नाण्यांवर सम्राटांप्रमाणे राजघराण्यातील स्त्रियांचेही चेहरे असत. सुमारे १८०० वर्षांपूर्वीची सम्राज्ञी ज्युलिया डोम्ना हिचा चेहरा, केसांची ठेवण आणि नाव तिच्या नाण्यांवर आजही दिसतं. वर्तमानपत्रं नव्हती, त्यामुळे सत्ता कोणाची हे नाणंच घरोघरी सांगायचं.

मग अहिल्याबाईंचा रुपया काय सांगतो? त्याआधी थोडं त्यांच्याविषयी.

त्यांचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी (ता. जामखेड) येथे माणकोजी शिंदे यांच्या घरी झाला. आपली राहुरी जिल्ह्याच्या उत्तर भागात आणि चौंडी दक्षिणेला. लहानपणीच मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचं लग्न झालं. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव मारले गेले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या, पण मल्हाररावांनी त्यांना अडवलं आणि राज्यकारभाराचं शिक्षण दिलं. १७६६ मध्ये सासरे गेले, १७६७ मध्ये एकुलता एक मुलगा मालेरावही गेला. दौलतीवर डोळा ठेवून राघोबादादा फौज घेऊन आले. बाई घाबरल्या नाहीत, त्यांनी लढाईची तयारी केली. शेवटी राघोबादादांना माघार घ्यावी लागली.

पुढे सुमारे २८ वर्षं त्यांनी महेश्वरहून राज्य चालवलं. फौज तुकोजी होळकरांकडे दिली, कारभार व न्याय स्वतःकडे ठेवला. विणकरांना महेश्वरात वसवलं. काशी विश्वनाथाचं मंदिर पुन्हा उभं केलं, ठिकठिकाणी घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या.

आता रुपयाकडे या. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्यावर दिल्लीच्या शाह आलम बादशहाचं नाव फारसी लिपीत असे. सोबत होळकरांची खूण म्हणून शिवलिंग आणि बेलाचं पान. बाईंचा चेहराही नाही आणि नावही नाही! सरकारी हुकूमसुद्धा श्रीशंकराच्या नावानं निघत. राज्य देवाचं, आपण फक्त सांभाळणारे, हीच त्यांची भावना होती.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी त्यांचं निधन झालं. २०२५ मध्ये त्यांच्या ३०० व्या जयंतीला भारत सरकारने ३०० रुपयांचं स्मारक नाणं काढलं. त्यावर मात्र त्यांचा चेहरा आहे. जो मान त्यांनी स्वतः घेतला नाही, तो लोकांनी दिला.

वर्गात किंवा घरी करून पाहा : कागदाखाली नाणं ठेवून मुलांना पेन्सिल घासायला सांगा. उमटलेली चित्रं ओळखू द्या. मग विचारा, तू राजा किंवा राणी असतास, तर नाण्यावर काय छापलं असतंस? आणि का? उत्तरं नक्की ऐका.