काटकसरी क्रेस्गी आणि त्यांचे केमार्ट

पेनसिल्व्हेनियातील शेतकरी कुटुंबात १८६७ साली जन्मलेले सेबॅस्टियन क्रेस्गी डेट्रॉइटमध्ये पाच-दहा सेंटांच्या वस्तू विकत मोठे झाले. स्वतःवर खर्च करणे त्यांच्या जिवावर येई. दान देताना मात्र हात आखडत नसे; १९२४ मध्ये त्यांनी १६ लाख डॉलर देऊन क्रेस्गी प्रतिष्ठान स्थापले. ते ९४ वर्षांचे असताना, १९६२ मध्ये, हॅरी कनिंगहॅम यांच्या नेतृत्वाखाली कंपनीने सवलतीच्या दरांचे पहिले ‘केमार्ट’ उघडले. योगायोग असा की, वॉलमार्टही त्याच वर्षीचे. १९६६ मध्ये क्रेस्गी निवर्तले. केमार्टची दुकाने दोन हजारांवर गेली. पण वॉलमार्टपुढे निभाव लागला नाही आणि २००२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. संस्थापकाचे नाव तर तिने १९७७ मध्येच टाकले होते. ते प्रतिष्ठानाच्या पाटीवर राहिले.