आर्थर होम्स

आर्थर होम्स (१४ जानेवारी १८९० – २० सप्टेंबर १९६५) हे इंग्रज भूवैज्ञानिक होते. खनिजांतील युरेनियम व शिसे यांच्या प्रमाणावरून खडकांचे वय वर्षांत सांगण्याच्या पद्धतीचा त्यांनी पाया घातला आणि भूवैज्ञानिक कालखंडांना आकड्यांची जोड देणारी कालश्रेणी आयुष्यभर परिश्रमपूर्वक घडवली. खंडांच्या हालचालींमागे पृथ्वीच्या अंतरंगातील उष्णतेचे प्रवाह असावेत, हा विचारही त्यांनी मांडला.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गाळाच्या थरांचा क्रम आणि त्यांतील जीवाश्म यांवरून कोणता खडक आधीचा व कोणता नंतरचा, हे निश्चित करता येत असे. कॅम्ब्रियन, डेव्होनियन यांसारखे कालखंड नावानिशी रूढ झाले होते. मात्र त्यांपैकी एकही किती वर्षांपूर्वीचा, हे सांगण्याचे विश्वसनीय साधन नव्हते. पृथ्वी तप्त अवस्थेतून निवत आली आहे, असे गृहीत धरून लॉर्ड केल्विन यांनी १८९७ मध्ये तिचे वय २ ते ४ कोटी वर्षे ठरवले. जॉन जोली यांनी १८९९ मध्ये समुद्रातील सोडियमच्या साठ्यावरून ते ९ कोटी वर्षांच्या आसपास काढले. किरणोत्सर्गाच्या शोधाने हा वाद पालटला. किरणोत्सर्गी मूलद्रव्यांमुळे पृथ्वीच्या पोटात उष्णता सतत निर्माण होते, हे कळल्यावर केल्विन यांच्या गणिताचा आधार सुटला. शिवाय या मूलद्रव्यांचा ऱ्हास ठरावीक गतीने होत असल्यामुळे खडकांतच एक घड्याळ दडलेले आहे, हेही लक्षात आले. युरेनियमच्या ऱ्हासातून शेवटी शिसे उरते, या निष्कर्षाच्या आधारे बर्ट्रम बोल्टवुड यांनी १९०७ मध्ये काही खनिजांची वये प्रसिद्ध केली.

बालपण व शिक्षण

होम्स यांचा जन्म इंग्लंडच्या ईशान्येकडील गेट्सहेड येथे एका मेथडिस्ट कुटुंबात झाला. वडील डेव्हिड होम्स लाकडी सामान बनवणारे कारागीर होते. आईचे नाव एमिली डिकिन्सन. घरातील बायबलच्या पहिल्या पानावर, समासात, विश्वाच्या निर्मितीचे वर्ष इसवी सनापूर्वी ४००४ असे छापलेले होते. त्या आकड्याने लहानग्या आर्थरचे कुतूहल चाळवले होते. शाळेतील एका शिक्षकांमुळे केल्विन यांच्या लेखनाचा परिचय झाला. १९०७ मध्ये ते लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायन्स येथे भौतिकशास्त्र शिकण्यासाठी दाखल झाले आणि पुढे भूविज्ञानाकडे वळले. या दोन्ही शास्त्रांची जोड हेच त्यांच्या कार्याचे बलस्थान ठरले.

१९११ चा निबंध

रॉबर्ट स्ट्रट त्या वेळी खनिजांत साठलेल्या हेलियमवरून वय काढत होते. परंतु हेलियम हा वायू खनिजातून निसटत असल्यामुळे मिळणारे वय किमान वयच असे. स्ट्रट यांच्या मार्गदर्शनाखाली काम करताना होम्स यांनी शिशाचा आधार घेतला. नॉर्वेतील आजच्या ऑस्लो परिसरातील खनिजांमधील युरेनियम व शिसे यांचे त्यांनी अत्यंत काटेकोर रासायनिक विश्लेषण केले. डेव्होनियन मानल्या गेलेल्या त्या खडकाचे वय ३७ कोटी वर्षे आले. इतरांच्या विश्लेषणांचाही उपयोग करून त्यांनी श्रीलंकेतील प्राचीन खडकांचे वय १६४ कोटी वर्षे दिले. त्या वेळी होम्स २१ वर्षांचे होते.

समस्थानिकांची कल्पना तेव्हा मांडली गेली नव्हती. खनिज तयार होतानाच त्यात काही साधे शिसे असू शकते आणि थोरियमपासूनही शिसे निर्माण होते, या बाबी पुढे स्पष्ट झाल्या. ऑस्लोजवळचे ते अग्निज खडक आता सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे मानले जातात. आकडे बदलले, तरी शिशाच्या साह्याने वय काढण्याची दिशा योग्य होती.

मोझांबिक आणि ब्रह्मदेश

अपुऱ्या शिष्यवृत्तीमुळे आर्थिक ओढग्रस्तीत असलेले होम्स १९११ मध्ये खनिजांच्या शोधासाठी मोझांबिकला गेले. तेथे त्यांना गंभीर हिवताप जडला आणि त्यांच्या मृत्यूची खोटी वार्ताही मायदेशी पोहोचली. परतल्यावर त्यांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात अध्यापन केले आणि १९१३ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ‘द एज ऑफ द अर्थ’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. पृथ्वीचे वय किमान १६० कोटी वर्षे असावे, असे त्यात प्रतिपादन होते. कोट्यवधी वर्षांचा हिशेब अनेक भूवैज्ञानिकांना दीर्घकाळ पटला नाही.

१९२० मध्ये एका तेल कंपनीचे प्रमुख भूवैज्ञानिक म्हणून ते तत्कालीन ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग असलेल्या ब्रह्मदेशात गेले. कंपनी बुडाली, आणि त्यांचा तीन वर्षांचा मुलगा आमांशाने दगावला. होम्स रिकाम्या हाताने इंग्लंडला परतले. १९२४ मध्ये डरहम विद्यापीठात भूविज्ञान विभाग उभारण्याची जबाबदारी मिळाल्यावर त्यांच्या संशोधनाला पुन्हा स्थैर्य लाभले.

संनयन प्रवाहांची कल्पना

आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये मांडलेल्या खंडविप्लवाच्या सिद्धांतावर मुख्य आक्षेप असा होता, की एवढे अवजड खंड सरकवणारे बल कोणते, हे सांगता येत नाही. होम्स यांनी डिसेंबर १९२७ मध्ये एडिंबरा येथील भूवैज्ञानिक संस्थेपुढे वाचलेल्या निबंधात त्याचे उत्तर सुचवले. किरणोत्सर्गाने तापलेले प्रावरण घन असूनही दीर्घकाळात अतिशय संथपणे वाहू शकते. तापलेले द्रव्य वर येते, आडवे पसरते आणि निवून खाली जाते, व त्याबरोबर वरचे खंड ओढले जातात, असे त्यांचे म्हणणे होते. पुरेसा पुरावा नसल्यामुळे ही कल्पना तेव्हा फारशी स्वीकारली गेली नाही. महासागरतळाच्या संशोधनानंतर १९६० च्या दशकात आकाराला आलेल्या भूपट्ट सांरचनिकीत मात्र प्रावरणातील संनयनाला महत्त्वाचे स्थान मिळाले.

पृथ्वीचे वय

आल्फ्रेड निअर यांनी शिशाच्या खनिजांतील समस्थानिकांचे अचूक मापन केल्यावर होम्स यांना नवे साधन मिळाले. कालपरत्वे बदलत गेलेल्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून मागे जात त्यांनी १९४६ मध्ये पृथ्वीचे वय सुमारे ३०० कोटी वर्षे काढले आणि नंतर ते ३३५ कोटींपर्यंत नेले. फ्रिट्झ हाउटरमान्स यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे अशीच पद्धत मांडली. क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये उल्कांतील शिशाच्या मापनातून सिद्ध केलेले ४५५ कोटी वर्षे हे वय याच विचारधारेचे फलित होय.

कालश्रेणी सुधारण्याचे कामही चालूच राहिले. कॅम्ब्रियनचा आरंभ होम्स यांनी १९४७ मध्ये सुमारे ५१ कोटी, तर १९६० मध्ये ६० कोटी वर्षांपूर्वी मानला. आजचा स्वीकृत आकडा सुमारे ५३.९ कोटी वर्षे आहे. १९५५ मध्ये त्यांनी भारतीय द्वीपकल्प व श्रीलंका येथील कॅम्ब्रियनपूर्व खडकांच्या कालनिश्चितीवर निबंध प्रसिद्ध केला.

उत्तरायुष्य व सन्मान

पहिली पत्नी मार्गारेट यांच्या निधनानंतर १९३९ मध्ये होम्स यांनी भूवैज्ञानिक डोरिस रेनल्ड्स यांच्याशी विवाह केला. १९४२ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९४३ ते १९५६ या काळात त्यांनी एडिंबरा विद्यापीठात प्राध्यापकपद भूषवले. ‘प्रिन्सिपल्स ऑफ फिजिकल जिऑलॉजी’ (१९४४) हे त्यांचे पाठ्यपुस्तक अनेक पिढ्यांनी अभ्यासले. त्याची विस्तृत सुधारित आवृत्ती त्यांच्या मृत्यूच्या वर्षी, १९६५ मध्ये निघाली. त्यांना १९५६ मध्ये वोलॅस्टन व पेनरोझ ही पदके आणि १९६४ मध्ये वेटलेसन पारितोषिक मिळाले. लंडन येथे त्यांचे निधन झाले. मंगळावरील एका विवराला त्यांचे नाव देण्यात आले असून युरोपीय भूविज्ञान संघ त्यांच्या नावाने पदक देतो.