उलट्या हातांचा पापवा

गोल्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? पांढरी टोपी, हिरवंगार गवत, बॅटरीवर चालणारी गाडी आणि आपल्याला न परवडणारं काहीतरी. आपल्या रायगडात खारघरच्या डोंगराखाली सिडकोचं गोल्फ कोर्स आहे. पनवेल-खारघरकडच्या कॉलेजांतल्या कितीजणांनी ते कुंपणाच्या आतून बघितलंय? पण या खेळात एक माणूस असा असतो ज्याच्याकडे कुणीच नीट बघत नाही. खेळाडूची जड बॅग खांद्यावर घेऊन मैलोन्‌मैल चालणारा, हवी ती काठी हातात देणारा, हरवलेला चेंडू झुडपात शोधणारा. त्याला कॅडी म्हणतात. आजची गोष्ट अशाच एका कॅडीची आहे. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, तो काठी चक्क उलटी धरायचा, आणि त्याच्या एका फोटोनं एका देशाच्या सरकारला जगभर तोंड लपवायला लावलं.

त्याचं कागदोपत्री नाव सेवसंकर सेवगुलम. जरा मोठ्यानं म्हणून बघा. शिवशंकर शिवगुलाम! दक्षिण आफ्रिकेतल्या इंग्रज कारकुनांनी आपल्या लोकांच्या नावांची जी काय वाट लावली, त्यातलंच हे एक. घरचे आणि पुढे सगळं जग त्याला पापवा म्हणायचं.

थोडं मागे जाऊ. 1860 च्या नोव्हेंबरमध्ये मद्रासहून निघालेलं ‘ट्रूरो’ नावाचं जहाज डर्बनच्या बंदराला लागलं. त्यातून उसाच्या मळ्यांवर करारानं राबायला आणलेले मजूर उतरले. पुढच्या पन्नास वर्षांत अशी दीड लाखाहून जास्त माणसं मद्रास आणि कलकत्त्याहून नाताळ प्रांतात गेली. (नाताळ म्हणजे आपला डिसेंबरमधला नव्हे, हा डर्बनच्या आजूबाजूचा प्रांत.) आपल्या किनाऱ्याचाही या देशाशी संबंध आहेच. रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली कितीतरी कोकणी मुस्लिम कुटुंबं पोटापाण्यासाठी केपटाऊनला गेली आणि तिथलीच झाली. पापवाचं घराणं मात्र उसवाल्यांपैकी. 1928 साली डर्बनमध्ये त्याचा जन्म झाला. घर गरीब, आणि जवळच बीचवुड नावाचं गोऱ्यांचं गोल्फ कोर्स.

समुद्रकिनाऱ्यावरच्या पोरांना काय लागतं खेळायला? आपल्याकडे पोरं नारळाच्या झावळीचा दांडा घेऊन क्रिकेट खेळतात. पापवानं झाडाच्या फांदीची काठी केली आणि वाळूत चेंडू मारायला लागला. शाळा जवळपास नाहीच. लहान वयातच तो बीचवुडला कॅडी म्हणून जायला लागला. दिवसभर दुसऱ्यांच्या बॅगा उचलायच्या, त्यांचे फटके बघायचे आणि नंतर ते स्वतः मारून बघायचे, हीच त्याची कोचिंग अकॅडमी.

आता त्या उलट्या हातांबद्दल सांगायलाच हवं, कारण खरी गंमत तिथेच आहे. उजव्या हातानं खेळणारा बॅट्समन बॅट कशी धरतो? डावा हात वर, उजवा खाली. गोल्फमध्येही तेच. पापवा उजव्या बाजूनंच खेळायचा, पण त्याचा उजवा हात वर आणि डावा खाली. तुम्ही घरी झाडू किंवा बॅट घेऊन असं करून बघा, मनगटं एकमेकांत अडकल्यासारखी वाटतील. कोणत्याही कोचनं पहिल्याच दिवशी हात पकडून ते सुधरवलं असतं. पण पापवाला कोच होता कुठे? कुणी चूक दाखवलीच नाही, त्यामुळे ती चूक राहिलीच नाही, त्याची स्टाइल झाली. पुढे लोक या पकडीला त्याच्याच नावानं ओळखायला लागले. आणि आज बघा, चेंडू खड्ड्यात ढकलताना, म्हणजे पटिंग करताना, मोठमोठे खेळाडू डावा हात खाली ठेवतात. जॉर्डन स्पीथसारखा तीन मेजर जिंकलेला माणूसही त्यातलाच. अर्थात तो फक्त पटिंगपुरता. पापवा लांबलचक फटकेसुद्धा तसेच मारायचा!

त्या काळी दक्षिण आफ्रिकेत काळ्या आणि भारतीय वंशाच्या गोल्फपटूंच्या स्पर्धा वेगळ्या असायच्या. त्या पापवा जिंकत होता, पण तिथे पैसा नव्हता आणि नावही नव्हतं. मग त्याच्या आयुष्यात आला ग्रॅहम वुल्फ. हा डर्बनचा गोरा केमिस्ट. तुमच्या आई-मावशीच्या ड्रेसिंग टेबलवर ‘ओले’चं क्रीम असेल ना, ते मूळ ‘ऑइल ऑफ ओले’ यानंच डर्बनमध्ये बनवलं. वुल्फनं पापवाचा खेळ बघितला आणि ठरवलं की याला बाहेर न्यायचं. 1959 साली तो त्याला युरोपात घेऊन गेला. घराच्या आसपासचं जग सोडून फारसं काही न बघितलेला तिशीतला माणूस थेट परदेशी मैदानांवर उभा राहिला. आणि त्याच वर्षी त्यानं डच ओपन जिंकली!

1959 हे वर्ष लक्षात ठेवा. त्याच उन्हाळ्यात दक्षिण आफ्रिकेचाच गॅरी प्लेअर नावाचा गोरा तरुण स्कॉटलंडमध्ये म्युरफिल्डला ब्रिटिश ओपन जिंकला. एका देशाचे दोन खेळाडू, एकाच उन्हाळ्यात युरोपात विजेते. एकाला मायदेशातलं प्रत्येक मैदान मोकळं. दुसऱ्याला तिथे मोठ्या स्पर्धेत नुसतं नाव नोंदवायलाही परवानगी मागावी लागणार होती. पापवानं 1960 मध्ये पुन्हा डच ओपन जिंकली. तिसऱ्यांदा 1964 मध्ये.

अमेरिकेतही तेव्हा फार वेगळं चाललं होतं असं समजू नका. तिथल्या व्यावसायिक गोल्फ संघटनेच्या घटनेत फक्त गोऱ्यांनाच सदस्यत्व देणारं कलम होतं, ते 1961 साली काढलं गेलं. मास्टर्स स्पर्धेत पहिला काळा गोल्फपटू, ली एल्डर, खेळला तो 1975 मध्ये.

आता येऊ 1963 कडे. नाताळ ओपन, मैदान डर्बन कंट्री क्लब. हे मैदान समुद्राला अगदी लागून, वाळूच्या टेकड्यांवर वसवलेलं. अलिबागला किंवा मुरूडला किनाऱ्यावर बॅडमिंटन खेळायचा प्रयत्न केला असेल तर तुम्हाला कल्पना येईल की खाऱ्या वाऱ्यात हलकी वस्तू कुठल्या कुठे जाते. गोल्फचा चेंडूही तसाच वाहवत जातो. अशा ठिकाणी नुसती ताकद कामाची नाही, वारा वाचता यावा लागतो. आणि डर्बनच्या समुद्रावरचा वारा पापवाला लहानपणापासून तोंडपाठ होता.

ज्यांना गोल्फ कळत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी: 18 खड्ड्यांची एक फेरी, अशा चार फेऱ्या, म्हणजे 72 खड्डे. ज्याला सगळ्यात कमी फटके लागतील तो जिंकला. चार दिवसांत तीनशेच्या आसपास फटके मारायचे आणि त्यातला एक जरी चुकला तरी गेम ओव्हर, असा हा खेळ. इथे क्रिकेटसारखा पुढच्या चेंडूवर सिक्स मारून हिशोब चुकता करता येत नाही. सगळा खेळ डोकं थंड ठेवण्याचा.

आणि पापवानं डोकं कशात थंड ठेवायचं होतं? वर्णभेदी कायद्यांमुळे क्लबहाऊस त्याला बंद होतं. गोरे खेळाडू फेरी संपवून आत जायचे, अंघोळ, जेवण, गप्पा, विश्रांती. पापवाचं बूट बदलणं, जेवणं, वाट बघणं सगळं बाहेर. गंमत म्हणजे (ही गंमत नाहीच म्हणा) डर्बनच्या अशा क्लबांमध्ये वेटर म्हणून भारतीय वंशाची माणसं चालायची. ट्रे घेऊन आत गेलं तर चालतं, ट्रॉफी घेऊन चालत नाही. अशा चार दिवसांनंतर तो शेवटच्या खड्ड्यावर आला. कंट्री क्लबचा अठरावा खड्डा छोटा आहे, पण फसवा. उजवीकडे जमीन एकदम खाली उतरते. पुढे जायचा मोह होतो आणि चेंडू उतारावर घरंगळतो. तिथून पापवा निभावून बाहेर पडला आणि एका फटक्यानं स्पर्धा जिंकला. गोऱ्यांच्या बरोबरीनं खेळून त्यांच्या देशातली प्रांतिक ओपन जिंकणारा तो पहिला बिगरगोरा गोल्फपटू.

मग बक्षीस समारंभ. बाहेर धो धो पाऊस. समारंभ नेहमी क्लबहाऊसमध्ये व्हायचा, पण विजेत्याला आत घेता येत नाही! आयोजकांनी काढलेला तोडगा असा की विजेत्यानं बाहेरच ट्रॉफी घ्यावी. हरलेले खेळाडू आत कोरडे, आणि जिंकलेला बाहेर पावसात भिजत चषक घेतोय. तो फोटो निघाला आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आला.

पत्रकारितेची विद्यार्थिनी म्हणून मला या फोटोचं फार वाटतं. त्यात कुणी कुणाला मारत नाहीये, रक्त नाही, पोलीस नाहीत. एक माणूस, एक चषक आणि पाऊस. वर्णभेद म्हणजे काय ते सांगायला खाली कॅप्शनचीही फारशी गरज नाही. तेव्हा दक्षिण आफ्रिकेला जागतिक खेळातून बाहेर काढायची मोहीम जोर धरत होती. तिच्या हातात हा फोटो आयताच पडला. 1964 च्या टोकियो ऑलिम्पिकला दक्षिण आफ्रिकेला बोलावलं गेलं नाही. भारतानं तर 1946 मध्येच त्या देशाशी व्यापार तोडला होता, आणि 1974 मध्ये डेव्हिस कपची फायनल दक्षिण आफ्रिकेविरुद्ध होती म्हणून आपण ती खेळलोच नाही. टेनिसमधलं सर्वांत मोठं सांघिक विजेतेपद हाताशी असताना सोडणं ही साधी गोष्ट नव्हती.

आणि हो, त्यांना नावं ठेवताना आपलं अंगण झाकून चालणार नाही. कोकणातल्या पालवण गावावरून आडनाव मिळालेले पालवणकर बाळू हे भारताचे पहिले मोठे स्पिनर. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबवर मैदानाची राखण करता करता, म्हणजे पापवासारखंच नोकर म्हणून आत शिरून, त्यांनी बोलिंग साधली. त्यांच्या बोलिंगवर हिंदू संघ सामने जिंकायचा, पण चहाच्या वेळी ते पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. तिथे ब्रिटिशांचा कायदा नव्हता. आपलीच माणसं होती. आपल्याच जिल्ह्यात, महाडला, चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी 1927 साली सत्याग्रह करावा लागला होता.

पापवाकडे परत. त्याच 1963 च्या जुलैमध्ये तो इंग्लंडमध्ये रॉयल लिथमला ब्रिटिश ओपन खेळला आणि पहिल्या पंधरांत आला. ती स्पर्धा जिंकली न्यूझीलंडच्या डावखुऱ्या बॉब चार्ल्सनं, मेजर जिंकणारा पहिला डावखुरा. म्हणजे वेगळ्या हातांचं ते वर्षच होतं! 1965 मध्ये पापवानं पुन्हा नाताळ ओपन जिंकली आणि या वेळी मैदानात गॅरी प्लेअरसुद्धा होता, ज्यानं त्याच वर्षी यूएस ओपन जिंकून चारही मेजर पूर्ण केल्या. कुणी म्हणेल, झालं, आता सरकारला लाज वाटली असेल.

झालं उलटंच. एकदा जिंकला तर योगायोग म्हणता येतो. दोनदा जिंकला, तोही जगातल्या अव्वल खेळाडूला मागे टाकून, तर गोरा माणूस जन्मानंच वरचा या सगळ्या थिअरीचं काय करायचं? सरकारनं सोपा मार्ग निवडला. पापवाला मोठ्या स्पर्धांच्या परवानग्या मिळेनाशा झाल्या. प्रेक्षक म्हणूनही तिथे जायची सोय राहिली नाही. पासपोर्टही गेला, म्हणजे डच ओपन किंवा ब्रिटिश ओपनचा रस्ता बंद. तिशीच्या उत्तरार्धात, जेव्हा गोल्फपटू खरा पिकतो, तेव्हा त्याच्या हातातून खेळच काढून घेतला. तो दुसऱ्या कशासाठी तयारही नव्हता. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला नोकरी कोण देणार? कोर्टकचेरी कुठून करणार? तो मोर्चे काढणारा, भाषणं ठोकणारा नव्हता. त्याला फक्त खेळायचं होतं, आणि नेमकं तेच राजकारण ठरलं.

गॅरी प्लेअरबद्दलही दोन शब्द. 1966 साली पुस्तकात त्यानं वर्णभेदी सरकारची बाजू घेतली होती. पुढे तो बदलला, उघडपणे विरोधात बोलला, ली एल्डरला दक्षिण आफ्रिकेत खेळायला बोलावलं. त्याला बदलायला आयुष्य मिळालं. तो नव्वदीत पोचलाय.

पापवा 1978 च्या जुलैमध्ये हार्ट अटॅकनं गेला. वय फक्त 49. नेल्सन मंडेला तेव्हा रॉबेन बेटावर कैदेत होते, आणि वर्णभेद संपायला अजून सोळा वर्षं होती. लोकशाही आल्यावर त्याला मरणोत्तर राष्ट्रीय सन्मान मिळाला. डर्बनमध्ये उमगेनी नदीजवळच्या एका सार्वजनिक गोल्फ कोर्सला त्याचं नाव आहे. आणि ज्या बीचवुडवर तो लहानपणी दुसऱ्यांच्या बॅगा उचलायचा ते कोर्स पुढे डर्बन कंट्री क्लबमध्येच सामील झालं, त्याच क्लबमध्ये, ज्याच्या दाराबाहेर तो चषक घेऊन भिजत उभा होता.