आगा खान तिसरे : आधी स्वतः लस टोचून घेणारे इमाम

परळचं हाफकिन इन्स्टिट्यूट आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. पोलिओच्या डोसामुळे हे नाव घराघरांत पोहोचलं. पण परळला जाण्याआधी ही प्रयोगशाळा काही काळ एका मुसलमानाच्या घरात, बिनभाड्याने चालत होती, हे फारसं सांगितलं जात नाही. तो मुसलमान म्हणजे मरहूम सर सुलतान मोहम्मद शाह, म्हणजेच आगा खान तिसरे.

त्यांचा जन्म 2 नोव्हेंबर 1877 रोजी कराचीत झाला. आजोबा हसन अली शाह इराणातून हिंदुस्थानात आले आणि मुंबईत स्थिरावले. वडील 1885 मध्ये वारले, तेव्हा या मुलाला आठवं वर्षही पुरं झालं नव्हतं. त्याच वयात तो इस्माइली खोजा जमातीचा इमाम झाला. आई मोठी करारी बाई. शिक्षण, घर, जमातीचा कारभार, सगळ्यावर तिची नजर असे. मुंबई आणि पुणे ही दोन्ही शहरं त्यांची. पुण्यातला येरवड्याचा आगा खान पॅलेस त्यांनीच 1892 मध्ये बांधला. दुष्काळात सापडलेल्या आसपासच्या गरिबांना काम मिळावं म्हणून तो बांधल्याचं सांगतात.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईतल्या मांडवी भागात प्लेग निघाला. माणसं पटापट मरू लागली, निम्मं शहर गावाकडे पळालं. सरकारने पैसा खर्च केला, दवाखाने उघडले, 1897 च्या फेब्रुवारीत साथरोगाचा कायदाही केला. पण हे सगळं झालं जोरजबरदस्तीने. घरांच्या झडत्या, आजारी माणसाला उचलून नेणं, सामान जाळणं. पडद्यातल्या बायकांना परक्या पुरुषांनी तपासणं तर लोकांना सहनच होईना. दवाखान्यात नेलेला माणूस परत येत नाही, अशी अफवा गल्लोगल्ली होती. पुण्यात याच रागातून जून 1897 मध्ये रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. मार्च 1898 मध्ये मुंबईच्या मदनपुऱ्यात एका आजारी मुलीला नेण्यावरून जुलाहे, म्हणजे विणकर मुसलमान बिथरले आणि दंगल पेटली. सरकारकडे पैसा होता, डॉक्टर होते, कायदा होता. मोहल्ल्याचा भरोसा तेवढा नव्हता.

त्याच दिवसांत डॉ. वाल्डेमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत प्लेगची लस तयार करत होते. ते मूळचे रशियातल्या ओडेसाचे यहुदी. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी ती लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. तरी लोक घाबरत होते, आणि सरकारी डॉक्टरांतही बरेच जण त्यांच्याविरुद्ध होते.

आगा खान तेव्हा अवघे एकोणीस वर्षांचे होते. आपली जमात भीतीने गप्प बसलीय, हे त्यांनी पाहिलं. त्यांनी हुकूम सोडला नाही, की फतवा काढला नाही. लोकांना बोलावलं आणि सगळ्यांसमोर स्वतःच्या दंडात लस टोचून घेतली. एकदाच नाही, पुन्हा पुन्हा घेतली. इमाम ठणठणीत आहेत, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं, मग खोजा कुटुंबं रांगेत उभी राहिली. मुंबईतल्या खोजांपैकी सुमारे निम्म्यांनी, म्हणजे दहा-बारा हजार लोकांनी लस घेतली. लस घेतलेल्यांत प्लेगचे मृत्यू फार कमी झाले.

शिवाय त्यांनी माझगावातलं आपलं एक मोठं घर हाफकिनना प्रयोगशाळेसाठी देऊन टाकलं. लशीचा उपयोग पटल्यावर सरकारने सगळं काम आपल्याकडे घेतलं. 1899 मध्ये परळचा जुना गव्हर्नमेंट हाउस प्रयोगशाळेला मिळाला आणि तिचा खर्च सरकारी तिजोरीतून होऊ लागला. तिथून लशीच्या कुप्या देशभर गेल्या. 1925 मध्ये संस्थेला हाफकिनचं नाव दिलं गेलं.

आगा खानांचं पुढचं आयुष्य मोठं आहे. ते मुस्लिम लीगचे पहिले अध्यक्ष होते. अलिगढच्या विद्यापीठासाठी त्यांनी गावोगाव फिरून चंदा गोळा केला, 1937 मध्ये राष्ट्रसंघाचे अध्यक्ष झाले. 1936 मध्ये मुंबईत त्यांची सोन्याने आणि 1946 मध्ये हिऱ्यांनी तुला झाली, ती रक्कम जमातीच्या भल्यासाठी लावली गेली. 11 जुलै 1957 रोजी ते वारले. इजिप्तमध्ये अस्वानला त्यांची कबर आहे. त्यांचं राजकारण सगळ्यांना पटतं असं नाही, पंथही आपल्यापैकी बहुतेकांचा वेगळा. पण प्लेगच्या वेळी त्यांनी केलं, ते कुठल्याही मस्जिदीच्या ओट्यावर सांगावं असं आहे.

कारण तीच गोष्ट आपल्या शहरात 2021 मध्ये पुन्हा झाली. कोरोनाची लस फुकट होती, तरी घेणारे कमी. नोव्हेंबरात आपल्या जिल्हाधिकाऱ्यांनी रेशन आणि पेट्रोलसाठी लशीचा दाखला सक्तीचा केला. मुस्लिम वस्त्यांतली भीती काढायला सलमान खानची मदत घेऊ, असं राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केलं. आम्हाला वाटतं, नटाला बोलवायची वेळ यावी, हीच आपल्यासाठी विचार करण्याची गोष्ट आहे. मोहल्ल्यातले डॉक्टर, मौलाना, शाळेच्या बाई यांनी आधी दंड पुढे केला असता, तर सक्ती लागलीच नसती.

पैशाचंही तसंच. अल्पसंख्याक वस्त्यांसाठी केंद्र सरकारने 2008-09 मध्ये देशातल्या 90 जिल्ह्यांत योजना सुरू केली. महाराष्ट्रातून बुलढाणा, वाशिम, हिंगोली आणि परभणी हे जिल्हे घेतले. आज तीच प्रधानमंत्री जनविकास कार्यक्रम म्हणून ओळखली जाते आणि आता सगळ्या जिल्ह्यांना खुली आहे. यातला 80 टक्के पैसा शिक्षण, आरोग्य आणि कौशल्यासाठी राखलेला आहे. आरोग्य केंद्राची इमारत, यंत्रसामग्री यातून होऊ शकते. पण प्रस्ताव खालून, जिल्ह्यातून जावा लागतो. मागणीच नसेल, तर पैसा दुसरीकडे जाणार.

म्हणून पुंडलिकनगर असो, कटकट गेट असो की किराडपुरा, आपल्या वस्तीतून कोणता प्रस्ताव गेला, हे जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन विचारायला हवं. दोन-चार जणांनी लेखी अर्ज दिला तरी सुरुवात होते. आणि केंद्र उघडलं, की पहिल्या दिवशी आपल्याच घरच्या पोराबाळांना तिथे घेऊन जायचं. एकोणीस वर्षांच्या इमामाने हेच केलं होतं. अल्लाह त्यांच्या या नेकीचं फळ त्यांना देवो.